फ्रीजचं दार

"बाबा, फ्रीजचं दार पुन्हा उघडं राहिलंय. मला इथे मेसेज आला."

"हो का? लावतो हं," अच्युतराव म्हणाले आणि उघड्या दाराशीच उभं राहून त्यांनी लेकीला डब्लिनची हवा विचारली. मग नातीचा खोकला, मग तिकडे मिळणारी मेथी. वीस मिनिटं झाली.

दिवाळीत तिनेच घेऊन दिलेल्या या फ्रीजचं दार दोन मिनिटं उघडं राहिलं, की तिच्या मोबाईलवर वर्दी जायची. आपणहून फोन करायचा अच्युतरावांना धीर होत नसे. ती कामात असेल, आणि बोलायचं तरी काय? त्यापेक्षा दार उघडणं सोपं होतं.

सहाव्या खेपेनंतर तिने परस्पर मेकॅनिक पाठवला. त्याने दाराचं रबर चाचपलं, चारदा दार उघडून सोडून पाहिलं.

"काका, हे तर आपोआप लागतंय. कुणी धरून ठेवल्याशिवाय उघडं राहायचं नाही. ताईंना तसं कळवतो."

अच्युतरावांचे कान तापले. "चहा घेणार?" एवढंच त्यांना सुचलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, दार उघडायच्या नेहमीच्या वेळी, ते फ्रीजकडे पाठ करून पेपर वाचत बसले. साडेचारला फोन वाजला.

"बाबा, आज दार नाही उघडलंत?"

अच्युतरावांनी पेपरची घडी घातली.

"मी कधीची कॉफी घेऊन बसलेय," ती म्हणाली.

"थांब हं," म्हणत अच्युतराव लगबगीने उठले आणि त्यांनी फ्रीजचं दार उघडून धरलं.