काय ते एकदाच सांगा

सातव्या महिन्यातच जन्मलेली लेक काचेच्या पेटीत होती. लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा बाप रोज डॉक्टरबाईंची वाट अडवायचा. "जगेल की नाही, काय ते एकदाच सांगून टाका. बिघाड कळला की मी नाही का गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत?"

"अजून मलाच कळत नाहीये, दादा," म्हणत त्या खाली मान घालून निघून जायच्या.

आज मात्र त्या स्वतःहून आल्या. दोघा नवरा-बायकोला त्यांनी शेजारच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "दादा, ताई, आता सांगता येईल."



बायकोचा हात धरून तो चटकन उठला. "घाई नाही, मॅडम. तुम्ही दमला असाल. उद्या सांगितलंत तरी चालेल."