खाचेवरचा ओरखडा

टिक्.

एवढंच. कॅसेटच्या संचाचा हिरवा दिवा गेला, आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलेली सहा वर्षांची बुसैना म्हणाली, "ममा, बाबा बंद पडले."

सासूबाई तफीदा मुलूखियाची पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मांडीवरच्या परातीत पानं खुडत राहिल्या.

इनायातने मागची टोपी फिरवून फ्यूज काढला, उजेडात धरला. काचेच्या नळीत काळा डाग. हा आजचा तिसरा. रियाधला कामाला असलेल्या नवऱ्याने, शौकीने, हा संच तिकडून आणला त्याला दोन वर्षं झाली. दर महिन्याला तिकडून कुणाच्या तरी हाती त्याची कॅसेट यायची, आणि फ्यूज कधी म्हणून गेला नव्हता. ही कॅसेट काल आली होती. इनायात शाळेत शिकवत होती, बुसैनाही तिथेच. सासूबाईंनी ती एकटीनेच ऐकली. ती आणणारा शौकीचा मित्र जिन्यात भेटला, म्हणून इनायातला कळलं तरी.

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? खुशाल आहे. यंदा ईदला जमणार नाही." एक पान खुडलं. "जळकं डबडं झालंय ते. तो आलाय खाली, त्याला देऊन टाक."

खाली गल्लीत भंगारवाल्याची गाढवगाडी आली होती, मिसरच्या गल्लीगल्लीत घुमते ती हाक देत. "बेकियाऽऽ! रोबाबेकियाऽऽ!" बुसैना बाल्कनीत पळाली आणि त्याच्याहून लांब सूर लावून तिने त्यालाच ओरडून दाखवलं. गाढव थांबलं.

इनायातने डबडं दिलं नाही. खालच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला, उस्ता घुब्रियालला वर बोलावलं. त्याने झाकण उघडलंच नाही. संच भिंतीपासून ओढला, चष्मा कपाळावर सरकवून मागे वाकला.

"फ्यूज बिचारा स्वतः मरून संच वाचवतो, सित्त इनायात. त्याला कशाला शिव्या? ही विजेचा जोर ठरवणारी चकती बघा. रियाधची वीज आपल्या मिसरच्या निम्म्या जोराची. चकती तिकडच्या विजेवर, संच इकडच्या विजेवर. मग काय होणार? संच आला तेव्हा मी स्वतः फिरवून दिली होती की!"

"आपोआप फिरते?"

"खाचेत सुरी घातल्याशिवाय? छे." त्याने खाचेवरून नख फिरवलं. ओरखडा ताजा होता, चकचकीत.

"पोरीचे हात," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही, तेता!" बुसैनाने दोन्ही हात पुढे करून दाखवले. इनायातने तिला मांडीवर ओढलं, तिची बोटं आपल्या मुठीत घेतली. आणि परातीकडे पाहिलं. पानं केव्हाच संपली होती. सासूबाई देठ खुडत होत्या.

"अम्मा, काय आहे त्या कॅसेटमध्ये?"

"माझ्या मुलाचा आवाज आहे."

घुब्रियालने चकती फिरवली, नवा फ्यूज बसवला आणि चहाला न थांबता निघून गेला. हिरवा दिवा लागला.

शौकी बोलू लागला. रियाधला ऊन फार आहे. खोलीत सातजण आहोत, सगळे कामावर गेलेत, मीच मागे राहिलोय. वाऱ्यासाठी खिडकी उघडलीय. इनायात शब्दामागचा शब्द चाळत होती. बाईचा आवाज? नाही. बांगड्या? नाही. तिला स्वतःचीच लाज वाटू लागली. तिने हळूच सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"बुसैनाला सांग, बाहुली घेऊन ठेवलीय..."

त्याच्या आवाजामागे, लांबून, कुणीतरी एक सूर ताणला. शौकी थांबला. खिडकी लावल्याचा खट्ट आवाज आला. मग तो पुन्हा बोलू लागला, जरा घाईने.

बुसैनाचा चेहरा उजळला.

"ममा, आपला बेकियावाला गाढव घेऊन पार रियाधपर्यंत जातो?"