बिनडागी आरसा

मालकांनी परत आलेला आरसा भिंतीला टेकवला आणि कोपऱ्यातल्या अंगठ्याच्या ठशावर पेन ठोकलं. "पुन्हा एक डाग दिसला तर पोरीला घरी बसवा. आणि हा आजच नवा करून द्या."

कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्यापूर्वी त्याची बायको गेली आणि तिच्या जागी मुलगी काचा धुवायला लागली होती. चांदीच्या पाण्यात रोशेल मिठाचं पाणी मिसळलं, की चांदी सावकाश काचेवर बसते. मीठ तसं गरीब, गार चवीचं. पण काचेला बोट लागलेलं असलं, की चहाडी केल्याशिवाय राहत नाही. तिथे चांदी नीट धरत नाही आणि ठसा कायमचा उमटतो.

"अकरा वर्षं तुझ्या आईने काचा धुतल्या," तो मुलीवर कडाडला. "काचेने अंगठा आडवा चिरला, तरी काम थांबवलं नाही. दाखव तिच्या हातचा एक डाग!"

"बाबा, आधी तो ठसा नीट बघा तरी..."

"बघायचंय काय? काय दिवे लावलेस ते दिसतंय! पाणी आण."

ती बादली घेऊन नळावर गेली. त्याने आरशाच्या पाठीवरचा रंग खरवडला, ॲसिडचा बोळा फिरवला. ती परतली तेव्हा चांदी ओघळून गेली होती. तिने बादली खाली ठेवली.

काच त्याने स्वतः तीनदा धुतली. मीठ तोललं, विरघळवलं, मिसळून ओतलं. काच आधी तपकिरी, मग काळपट, मग लख्ख झाली. त्याला बायकोची फार आठवण आली. फोटो काढू म्हटलं की ती हसायची, "दिवसभर आरशातच तर असते मी!" घरात तिचा एकही फोटो नव्हता.

मालकांनी आरसा उजेडात धरून चारही कोपरे तपासले. "राहू दे पोरगी," म्हणून ते गेले. कारागिराचा जीव भांड्यात पडला. मुलगी मात्र आरशापुढे उभी राहून रडत होती.

"आता का रडतेस? वाचली ना नोकरी."

"हा आरसा आई असतानाच दुकानात गेला होता. शेवटी शेवटी तिचे हात थरथरायचे." तिने कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बाबा, त्या अंगठ्याच्या ठशावर आडवी चीर होती."