सांताची पिशवी

नाताळात सांताक्लॉज व्हायला क्लबातलं कुणी तयार नसायचं. रत्नागिरीच्या उकाड्यात तो लाल डगला आणि कापसाची दाढी कोण चढवणार? यंदा बैठकीला दांडी मारल्याबद्दल ते काम गुरुप्रसाद शेट्यांच्या गळ्यात पडलं. घामाघूम होत त्यांनी मिरकरवाड्यातल्या पोरांना दप्तरं वाटली, पिशवी झटकली आणि गाडीकडे सुटले, तर मासेवाली बकुळा वाटेत आडवी.

"रिकामी पिशवी घेऊन कुठे निघालात? आमच्यात तसं धाडत नाहीत कुणाला."

"अहो बाई, आम्ही द्यायला आलोय. घेतलं तर क्लबाचं नाव जाईल."

"मग पोरांना सांगते, दप्तरं परत करा. नाव आम्हालाही आहे."

पोरं दप्तरं छातीशी धरून शेट्यांकडे बघत राहिली. शेट्यांनी मुकाट्यानं पिशवीचं तोंड उघडलं. बकुळानं आत अख्खी सुरमई सोडली आणि वर ओंजळी भरभरून कोळंबी.

दुपारी शेट्ये जेवायला बसले आणि अध्यक्षांचा फोन आला.

"फार हाल झाले म्हणे तुमचे?"

"विचारू नका," तळलेल्या तुकडीतला काटा बाजूला काढत शेट्ये म्हणाले. "नवख्याला झेपायचं नाही ते. पुढल्या वर्षीही मीच होतो सांता."

"छे, छे, तुम्ही एकट्यानं किती सोसायचं? बकुळाबाई पिशवी भरतायत तो फोटो बघितला मी ग्रुपवर. पुढल्या वर्षी हा त्रास अध्यक्षानंच घ्यायला हवा."