जुन्या सर्व्हरची खंडेनवमी

सकाळी हिरवा केलेला मोर दुपारी पुन्हा निळा झाला, तेव्हा सोलापुरी चादरींची डिझाइनं काढणाऱ्या त्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सिद्रामकडे बघू लागले. कालच त्याने जुन्या सर्व्हरवरच्या फायली नव्या सर्व्हरवर उतरवून घेतल्या होत्या आणि जुन्याचाच नेटवर्कवरचा पत्ता नव्याला दिला होता. आणि मोराची चादर उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर मागावर चढायची होती.

सिद्रामने फोल्डरच्या परवानग्या तपासल्या, नवा सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला. तरी निम्म्या कॉम्प्युटरांवर मोर हिरवा, निम्म्यांवर निळा. म्हणजे एकाच पत्त्यावरून दोन सर्व्हर उत्तर देत होते. पण जुना तर त्याने स्वतःच्या हाताने बंद केला होता.

तो मागच्या खोलीत गेला. जुना सर्व्हर पाटावर बसला होता. गळ्यात झेंडूचा हार, कपाळी कुंकू, आणि अंगावरचे सगळे दिवे लुकलुकत होते.

"आज खंडेनवमी," सर्वांत जुन्या डिझायनर राजमणीताई म्हणाल्या. "अकरा वर्षं राबला बिचारा. त्याची पूजा काय बंद ठेवून करायची? मीच सगळ्या वायरी होत्या तशा जोडल्या."

सिद्रामला हसू आवरेना. त्याने नेटवर्कची तेवढी वायर काढली, दिवे राहू दिले. थोड्याच वेळात बाहेरून आवाज आला, "मोर हिरवा झाला."

ताईंनी हातावर ठेवलेला पेढा तोंडात टाकत त्याने विचारलं, "नव्याला हार नाही का, ताई?"

"कालच कामाला लागला, आणि आज थोरल्याशी भांडला," ताई म्हणाल्या. "त्याला कसला हार?"