वाया गेलेल्या प्लेटा

"कूलर कुणी लावला?"

जळीत वॉर्डाच्या दारातच सुरभी ओरडली. तासाभरापूर्वी तिनं पलंगांच्या मधे जेली भरलेल्या सहा प्लेटा उघड्या ठेवल्या होत्या. हवेतले जंतू खाली बसत त्यांत पडणार, रात्रभर उबेत वाढणार आणि सकाळी ठिपके होऊन दिसणार. त्यासाठी हवा स्थिर हवी. पंखे बंद, खिडक्या बंद, कूलर बंद. दर मंगळवारी तिचा हाच नियम. आणि आता खिडकीतला कूलर घरघरत होता. गार वारा थेट प्लेटांवरून वाहत होता.

"म्या लावला," सखूबाई म्हणाली. कारंजा गावच्या धाब्यावर उकळतं तेल उडून तिची नात रिंकू भाजली होती. "पोरगी तळमळून राह्यली होती. मले पाहावलं नाई."

"आजी, सगळं वाया गेलं ना!"

"त्या बश्यात काई वाढलंबी नाई, अन् म्हनतं वाया गेलं!"

शेजारच्या पलंगावरची बाई फिसकन हसली. कोकिळा सिस्टर मात्र हसली नाही. एरवी सुरभी दिसली की "चला, इनस्पेक्टर मॅडम आल्या, कूलरले झोपवा" असं ओरडणारी हीच.

सुरभी रुग्णालयाच्या लॅबमध्ये होती. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर पाळत ठेवणं हे तिचं काम. महिन्याभरात या वॉर्डातल्या चार जखमांत एकच जंतू निघाला होता. भारीतल्या भारी औषधालाही तो दाद देत नव्हता. सुरभीनं पलंगाच्या कडा, ड्रेसिंगची ट्रॉली, दाराच्या कड्या, सगळं कापसाच्या बोळ्यानं पुसून तपासलं. ज्या नळानं कूलर भरत, त्याचं पाणीही तपासलं. मंगळवारच्या प्लेटा तर दर वेळी कोऱ्या निघाल्या. तो जंतू फक्त एकदा सापडला, कोकिळाच्या हातावर. चारही पेशंट खिडकीकडच्या रांगेतले होते, आणि ती रांग कोकिळाची होती. हवा स्वच्छ, पाणी स्वच्छ, उरले हात. अहवाल सुरभीनंच लिहिला. उद्या रुग्णालयाच्या समितीनं तो मान्य केला की कोकिळा वॉर्डाबाहेर जाणार होती, कायमचा बट्टा घेऊन.

"हात धुऊन धुऊन साल निघाली माही, मॅडम," कोकिळा हळूच म्हणाली. "आजच्या प्लेटात तरी काई सापडते का पाहा."

"आजच्या धरता येणार नाहीत, ताई."

नियमानं त्या प्लेटा फेकायला हव्या होत्या. पण वाऱ्यानं प्लेट बिघडते म्हणजे नेमकी कशी बिघडते, हे सुरभीनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं झाकणं लावली आणि सहाही प्लेटा उबेच्या पेटीत ठेवल्या.

सकाळी तिनं पेटी उघडली आणि ती तशीच उभी राहिली.

प्लेटांच्या जेलीत तेच भारी औषध मिसळलेलं होतं. साधा जंतू त्यावर तग धरूच शकत नव्हता. तरी ठिपके उगवले होते. फिकट, ओलसर, त्या चार जखमांतल्यासारखेच. तिनं घाईघाईनं प्लेटा वॉर्डातल्या क्रमानं टेबलावर मांडल्या. दाराजवळची जवळजवळ रिकामी. मधल्यांवर गर्दी. खिडकीजवळची तर नुसती गच्च. जंतूचं पक्कं नाव उद्याच कळणार होतं, पण तो कुठून येतोय हे आत्ता, या टेबलावर, उघड दिसत होतं. कोकिळाच्या हातावरही तो तिथूनच बसला असणार. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

ती पळत सुटली. वाटेत समितीच्या खोलीत शिरली. बैठक सुरू व्हायची होती. डॉक्टर "अगं, काय झालं?" म्हणेपर्यंत तिनं टेबलावरचा आपला अहवाल उचलला आणि जिना उतरली. वॉर्डामागच्या व्हरांड्यात जाऊन कूलरची जाळी ओढून काढली. नळाचं स्वच्छ पाणी टाकीत साचून हिरवं, बुळबुळीत झालं होतं. तिनं एक बाटली भरून घेतली.

वॉर्डात कोकिळा आपला डबा आणि चपला पिशवीत भरत होती. रिंकू कूलरसमोर गाढ झोपली होती. तिची जखम अजून स्वच्छ होती.

"कूलर बंद करा!" सुरभी दारातूनच ओरडली. "आणि रिंकूचा पलंग खिडकीपासून आत घ्या, आत्ता!"

सखूबाई नातीच्या पलंगापुढे आडवी उभी राहिली. कोकिळानं बटण दाबलं, पण सवयीनं. "आज काऊन, मॅडम? आज तं बुधवार हाय. तपासणी मंगळवारी राह्यते ना?"

सुरभीला धाप लागली होती आणि हसूही आवरत नव्हतं. तिनं कोकिळाच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"तपासणी काल झाली, ताई. आजींनी केली. मी इतके मंगळवार नुसता कूलर बंद करत होते."