टोपलीतल्या कांड्या

"पाहा मुलांनो, एकट्या माणसाच्या हातांची ही करामत," असं प्रदर्शनाचा निवेदक सुशील माइकवरून सांगत होता, आणि नेमका तेव्हाच जागेश्वरचा हातमाग थांबला.

जागेश्वरनं धोट्यातली रिकामी कांडी काढली, भरलेली घ्यायला नेहमीसारखा न बघता हात मागे नेला. हात टोपलीच्या बुडाला लागला. त्यानं टोपली चाचपली, मग वळून पाहिलं. भरलेली एकही कांडी शिल्लक नव्हती.

कांडी म्हणजे बोटाएवढी नळी, तिच्यावर सूत गुंडाळलेलं. ती धोट्याच्या पोटात बसते, धोटा इकडून तिकडे पळतो आणि आडवा धागा पडत जातो. संपली की दुसरी घालायची, एवढंच. पण उमरेडला घरी जागेश्वरची टोपली कधी रिकामी झालेली नव्हती, त्यामुळे ती रिकामी होते हे त्याला ठाऊक नव्हतं. काल बायकोनं विचारलंही होतं, "अजून भरू का?" तर तो म्हणाला होता, "टोपली तं दिसून राहिली भरलेली. अजून काहून?"

आणि आज थांबून चालणार नव्हतं. नागपूरच्या या प्रदर्शनात रुचिका त्याच्या मागासमोर उभी होती. बेसा भागात तिचं साड्यांचं नवं दुकान होतं, आणि वर्षभराचं काम कोणाला द्यायचं ते ठरवायला ती आली होती. काम मिळालं नाही, तर मुलगा चेतन घरातला माग मोडून त्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकणार होता.

"किनारीतलं हे फूल पूर्ण होऊ द्या काका," रुचिका म्हणाली. "मग सांगते."

फूल अर्धं झालं होतं.

दोरीच्या पलीकडे सतरंजीवर शाळेची मुलं बसली होती. त्यांच्यात जागेश्वरची बायकोही मांडी घालून बसली होती. टोपली रिकामी झाल्याचं तिला त्याच्या आधी कळलं होतं. ती उठून दोरीखालून आत शिरायला लागली, तर सुशीलनं अडवलं.

"मावशी, आतमधी फक्त कारागीर. पास एकच आहे."

"बराबर हाये," ती म्हणाली. "मी कायची कारागीर." आणि परत जागेवर जाऊन बसली.

मागाशेजारी कांड्या भरायचा एक चरखा होता. तो आयोजकांनी शोभेसाठी ठेवला होता आणि त्याला झेंडूची माळ घातली होती. जागेश्वर त्याच्यासमोर जाऊन बसला.

"काका, हे काय करून राहिले?" सुशीलनं माइक खाली करत विचारलं.

"कांड्या सरल्या. भरून राहिलो."

"येते नं तुमाले?"

"कारागीर हाओ गा मी."

त्यानं चाक फिरवलं. सूत कांडीवरून निसटलं. त्यानं चाक उलटं फिरवलं. मग सुतानं झेंडूची माळ धरली, आणि चाक जसं फिरेल तशी माळ सुतात आवळत गेली.

"आजी, ते काय करून राहिले?" एका मुलीनं विचारलं.

"फुलाईले सूत गुंडाळून राहिले."

"काहून?"

"त्याईलेच माहीत, बाई."

मुलं हसली. जागेश्वर खाकरला.

बायको वर पंख्याकडे पाहत होती. तो जरा मोठ्यानं खाकरला. सुशील धावत पाण्याची बाटली घेऊन आला.

"पाणी नाही पाहिजे गा," जागेश्वर हळूच म्हणाला. "तिले आत घे."

"कोणाले?"

"चेतनच्या मायले."

"त्या मावशीले? मंग पहिलेच सांगाचं नं. त्याईचा पास करून देतो. नाव सांगा, माइकवर पुकारावं लागते."

"चेतनची माय."

"हे नाव झालं का, काका? घरी काय म्हणता तुमी त्याईले?"

"घरी काई म्हणा नाही लागत. खाकरलो का येते."

रुचिकानं हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला, एक खुर्ची ओढली आणि बसली.

"घ्या नाव, काका," ती म्हणाली. "मी थांबते."

जागेश्वरनं ते नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. तेव्हाही उखाणा अर्ध्यावर विसरला होता आणि नुसतं नाव घेऊन मोकळा झाला होता. त्यानंतर गरज पडली नव्हती. सुशीलनं माइक त्याच्या तोंडासमोर धरला. सतरंजीवरची मुलं पुढे सरकली. शेजारच्या मागांवरचे विणकरही हात थांबवून पाहायला लागले. सगळे त्याच्याच वयाचे, आणि एकही जण हसत नव्हता.

जागेश्वरनं एकदा अर्ध्या फुलाकडे पाहिलं. मग मान खाली घालून, हातातल्या गुंत्याला सांगावं तसं तो म्हणाला, "अनुसया."

मुलांनी सतरंजीवर वळून तिच्याकडे पाहिलं.

अनुसयानं पदर सारखा केला. मोडलेली मांडी पुन्हा नीट घातली.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.